म्हस्कू पाटकऱ्याचा दुसरा भाग

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण लिहून ठेवतो. ‘आडवा बांध’ सिनेमाचा दुसरा भाग येतोय. नाव ‘पुन्हा आडवा बांध’. तब्बल बावीस वर्षांनी! पेपरात आतल्या पानावर चौकटीत बातमी आहे. शूटिंग पुन्हा आपल्याच भागात, कोऱ्हाळे बुद्रुकला.

पहिल्या भागात म्हस्कू पाटकऱ्याचा रोल मी केला होता. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या शेताला पाळीने सोडणारा माणूस. त्याच्यावाचून सिनेमा पुढे सरकतच नाही. म्हस्कूला एकच वाक्य होतं हे खरं, पण ते मी पळत पळत म्हटलं होतं. दुकानावर ‘रविराज ठिबक सिंचन’ असा मोठा बोर्ड आहे, तरी आमचं अख्खं पिंपळी गाव विचारतं, म्हस्कूचं दुकान उघडलं का. याला पब्लिकचं प्रेम म्हणतात.

संकल्प: आठवड्याला एक सिनेमा बघायचा, अभ्यास म्हणून. त्यावर इथे परखड मत लिहायचं. पोट कमी करायचं. मिशी वाढवायची. दुकान स्वरूपा बघेल. तशीही तीच बघते. बायको समजूतदार आहे.

१८ जानेवारी

बारामतीला मॅटिनी. हिंदी पोलिसपटाचा पुढचा भाग, अठरा वर्षांनी काढलेला. हिरोचं पोट युनिफॉर्ममध्ये मावत नाही, तरी हेलिकॉप्टरला लोंबकळतो. ते चालेल. (मलाही पोट आहे.) पण पहिल्या भागात त्याचा जिवलग मित्र होता, एक हवालदार. हिरोसाठी पायात गोळी खाल्ली होती त्याने. या भागात तो नाहीच! मेला, बदली झाली, लंगडत गावी गेला, काही तरी सांगा ना. एक शब्द नाही. इंटरव्हलला शेजारच्या माणसाला विचारलं, तो हवालदार कुठाय हो? तो म्हणाला, बाहेर पार्किंगपाशी बघा.

सेकंड हाफभर मन लागलं नाही. ज्यांनी पहिला भाग मोठा केला त्यांनाच विसरायचं. शुद्ध विश्वासघात. आमचे डायरेक्टर असले नाहीत.

२ फेब्रुवारी

डायरेक्टर टीम घेऊन कोऱ्हाळ्याला लोकेशन बघायला आले. माझी गाडी गॅरेजला, म्हणून संघपालच्या कारने गेलो. संघपाल म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. बारामतीत बँकेत ऑफिसर आहे. पहिल्या भागात मीच त्याला गर्दीत उभं केलं होतं. पाठमोरा दिसतो. शोधावा लागतो.

डायरेक्टरांनी मला लगेच ओळखलं नाही. बावीस वर्षांत व्यक्तिमत्त्व भारदस्त झालंय, त्याला माझा इलाज नाही. मी तिथेच बांधावर पळून वाक्य म्हणून दाखवलं. धाप लागली. ते म्हणाले, अरे हो हो हो. तीन वेळा हो. असिस्टंट मुलीने नंबर घेतला. दुकानाचा दिला.

नंतर मी पाणी पीत बसलो तर डायरेक्टर संघपालशीच बोलत होते. त्याच्याकडून एक कागद वाचूनही घेतला. मोठी माणसं अशीच असतात. सोबत आलेल्यालाही वाईट वाटू देत नाहीत. परत येताना संघपाल गप्प होता. त्याला म्हटलं, मनाला लावून घेऊ नकोस, प्रत्येकाचं काम नसतं ते.

२० फेब्रुवारी

फोन आला!! असिस्टंट मुलगी. म्हणाली, सर, म्हस्कू या भागातही आहे. म्हटलं, असणारच. म्हणाली, संवाद मात्र नाहीत. मी जरा नाराज झालो. मग तिने समजावलं. म्हस्कू घराच्या मधोमध आहे. सगळे मोठे निर्णय त्याच्यासमोर होतात. जो तो येऊन म्हस्कूपाशी मन मोकळं करतो. पहिल्या सीनपासून शेवटपर्यंत तो आहे.

म्हणजे हा अख्खा सिनेमा माझ्या खांद्यावर आहे. एका वाक्यावरून एवढी मजल!

एक मोठा फोटो पाठवायचाय. शांत चेहरा, फेटा चालेल. नंतर म्हणाली, घरातल्या कुणाशी बोलायचंय. फोन स्वरूपाकडे दिला. ती फोन घेऊन मागे पाइपांच्या खोलीत गेली. बराच वेळ. बाहेर आली तर डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, काय न्हाय, परवानगी घ्यायची व्हती त्यांना. बघा, केवढं प्रोफेशनल काम. कलाकाराच्या पत्नीचीही परवानगी घेतात.

२३ फेब्रुवारी

कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये एक बक्षीसपात्र ड्रामा बघितला. एक माणूस खिडकीत बसतो. बसतो. बसतोच. मागून रेल्वे जाते. नंतर मुलगी घर सोडून जाते, तरी हा बसलेला. आधी चिडलो. मग लक्षात आलं, हाच माझा रोल! मौन अभिनय. बारकाईने अभ्यास केला. शेवट डोळे मिटून ऐकला. शेजारचे गृहस्थ म्हणतात मी घोरत होतो. काही लोकांना एकाग्रता कळत नाही.

संकल्प: रोज सकाळी अर्धा तास खिडकीत बसायचं.

२ मार्च

खिडकीत बसलो. आई म्हणाली, रवी, आरं तोंड असं का केलंयस, प्वाट दुखतंय का? ओवा दिला.

बारामतीत स्टुडिओत जाऊन फोटो काढला. फोटोग्राफर अनुभवी. म्हणाला, मान सरळ, हसू नका, पण दुःखीही नको. बाजूला थोडी जागा सोडतो. मग आवाज बारीक करून विचारलं, कार्यक्रम कधी आहे? म्हटलं, दिवाळीनंतर. तो माझ्याकडे बघतच राहिला. कलाकार जवळून बघायची सवय नसेल.

१६ मार्च

मोबाइलवर कौटुंबिक ड्रामा. स्वरूपाबरोबर. सुरुवातीलाच बाप मरतो आणि उरलेला वेळ सगळे त्याच्या आठवणी काढतात. स्वरूपा पहिल्यापासून रडत होती. मला मात्र त्या नटाची कीव आली. असा रोल घेतोच कोण? सगळा सिनेमा तुझ्या नावाने आणि तू नाहीसच! मी असतो तर डायरेक्टरच्या तोंडावर करार फेकला असता. तसं स्वरूपाला ठणकावून सांगितलं.

ती म्हणाली, पर समदी त्याचंच नाव घेत व्हती की. म्हटलं, प्रेक्षक आणि कलाकार यांच्यातला फरक तो हाच. ती उठून भांडी घासायला गेली. भांडी मघाशीच घासून झाली होती.

१३ एप्रिल

कोऱ्हाळ्यात शूटिंग सुरू. मला अजून बोलावणं नाही. मुख्य माणसाचे सीन नेहमी शेवटी घेतात. ताजे राहतात.

संघपाल गावात नाही. बँकेचं ट्रेनिंग आहे म्हणे. जायच्या आधी भेटला तेव्हा दाढी वाढलेली. म्हटलं, मॅनेजर बोलेल. तो म्हणाला, रवी, तुला एक सांगायचं हाय. म्हटलं, आधी माझं ऐक. मग त्याला मौन अभिनयावर सविस्तर सांगितलं. तो ऐकत बसला, चहा गार झाला, निघून गेला. काय सांगायचं होतं ते राहिलंच. बहुतेक दाढीबद्दल असेल.

४ मे

शूटिंग संपलं. मला न बोलावता संपलं.

दोन दिवस जेवण गेलं नाही. स्वरूपाने दोन वेळा शिरा केला. मग श्रेयाने (आमची लेक, बीएस्सीला आहे) मोबाइलवर सहज काहीतरी दाखवलं. तिच्या मैत्रिणीच्या पणजोबांचा जुना फोटो. कॉम्प्युटरने तो डोळे मिचकावतो, मान हलवतो, हसतो. झालं! सगळा उलगडा झाला. म्हणूनच फोटो मागितला. म्हणूनच मोठा मागितला. आता माझ्यासारख्यांना उन्हात उभं करत नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर होतं. श्रेयाला म्हटलं, माझा अभिनय पुण्यात एसीमध्ये चाललाय. ती म्हणाली, पप्पा, तसं नाय… आणि आईकडे बघायला लागली. पोरीला बापाच्या यशाने गहिवरून आलं. शिरा संपवला.

२४ ऑगस्ट

मधल्या काळात रोजनिशी लिहिली नाही. कामात होतो. (टीझर येतोय का ते बघत होतो.)

प्रेमकथेचा पुढचा भाग बघितला, पंचवीस वर्षांनी आलेला. पहिल्या भागात पावसात नाचलेले दोघं या भागात गुडघेदुखीच्या गोळीवरून भांडतात. वर त्याच जुन्या गाण्याची सुरावट. तरुणपणी मी या जोडीसाठी दौंड गाडीतून उभा प्रवास करून पिक्चर बघायला गेलो होतो. फसवणूक. जुनं प्रेम दाखवायचं तर नीट दाखवा, नाही तर हात लावू नका.

९ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारी रिलीज. पिंपळीच्या चौकात फ्लेक्स लावला. ‘आपल्या मातीतला कलाकार, पुन्हा मोठ्या पडद्यावर!’ तोच फेटेवाला फोटो. इंदापूरला सासरे हिंदुराव यांना फोन केला, सगळी मंडळी घेऊन या. त्यांनी लग्नात पाहुण्यांना सांगितलं होतं, जावई शिनिमात पळतो. त्या दिवसापासून मला सासरवाडीत हा शब्द खोडून काढायचाय. बाकी काही नको. एकदा त्यांनी मला पडद्यावर उभा, नाही तर बसलेला, पण नीट बघावं.

स्वरूपा म्हणाली, आवं, पैल्या शोला समद्यांला कशापायी? आपुन दोघंच जाऊ की आदी. मी म्हटलं, यश लपवायचं नसतं. बायकांना अचानक नवऱ्याचं नाव मोठं झालेलं सोसत नाही. समजून घेतलं.

संघपालही येऊन गेला. म्हणाला, रवी, शुक्रवारच्या आत दोन मिंटं बसू. म्हटलं, आता थेट थिएटरात. तुझं तिकीट काढलंय. माझ्या शेजारी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळ.

फेटा बांधला. आईने ओवाळलं. दोन जीप भरून पिंपळी, एक भरून इंदापूर. संघपाल आला नाही. बँकेत काम निघालं म्हणे. ज्याला दोस्त मानलं त्याला आजच काम निघावं.

१४ नोव्हेंबर. संध्याकाळ.

लिहवत नाही. तरी लिहितो.

सिनेमा सुरू झाला. भिंत. भिंतीवर मी. आमच्या दोन रांगांत शिट्ट्या, टाळ्या. मग कॅमेरा मागे आला. मी चौकटीत होतो. चौकटीला चंदनाचा हार.

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. एकेक करून थांबल्या. शेवटची हिंदुरावांची. ते माझ्याकडे वाकून म्हणाले, पाव्हणं, तुमी कवा गेला?

मी म्हटलं, आत्ता हलेल. कॉम्प्युटर आहे. मी वाट बघितली. डोळे मिचकावेल, मान हलवेल. हलला नाही. त्या मुलीने सांगितलं ते सगळं खरं होतं. घराच्या मधोमध होतो. सगळे निर्णय माझ्यासमोर झाले. जो तो येऊन मन मोकळं करून गेला. मी भिंतीवर लटकलेला.

आणि मग दाढीवाला संघपाल आला. पडद्यावर! नवा पाटकरी. म्हस्कूचा दोस्त. सीनवर सीन. ज्याला मी गर्दीत उभं केलं होतं, तो समोरून, क्लोज-अपमध्ये, आणि मी भिंतीवर. शेवटी तो माझ्या फोटोपुढे बसतो आणि रडतो. काही बोलत नाही, नुसता रडतो. थिएटर गप्प. मागे कुणी तरी नाक ओढलं. मलाही भरून आलं. कुणासाठी ते कळेना, कारण मेलेला मीच होतो.

त्या शांततेत आमची आई ठमाबाई उभी राहिली. तिचा आवाज तीन शेतं ओलांडून जातो, इथे तर चार भिंती. आरं ए, हार काढा त्यो! पोरगं जित्तं हाय माजं! हितं बसलंय, फेटा बांदून! अख्खं थिएटर वळलं. टॉर्चवाला आला. टॉर्च माझ्या तोंडावर मारला. लोक हसले. इतकं की पुढचा सीन ऐकू आला नाही. मी फेटा काढून मांडीवर ठेवला.

एक चूक मात्र माझ्या नजरेतून सुटली नाही. फोटोपुढे समई ठेवलीय, पण ती पेटवलेलीच नाही. अख्ख्या सिनेमात एकाही माणसाला काडी ओढायचं सुचू नये? ढिसाळ डायरेक्शन.

१६ नोव्हेंबर

स्वरूपाला सगळं माहीत होतं. फेब्रुवारीपासून! तो परवानगीचा फोन यासाठीच होता. माझ्या गळ्यात हार घालायला माझ्या बायकोने होकार दिला. श्रेयाला माहीत. संघपालला माहीत. अंधारात फक्त मी आणि आई. त्या पोलिसपटातल्या हवालदारासारखी माझी गत केली, आणि ती घरच्यांनी. फार लागलं. तिला तसं बोललो. जरा जास्तच बोललो.

ती आधी ऐकून घेत होती. मग म्हणाली, ती पोरगी म्हनली, हार घालू द्या न्हाय तर म्हस्कूच काडून टाकतो. तुमी जानेवारीपासनं आरशाम्होरं पळत व्हता. म्या कुठल्या तोंडानं न्हाय म्हनू? कपाळाला कुंकू लावून हाराला हो म्हनले म्या. कसं म्हनले माजं मला ठावं. पर दिव्याला न्हाय म्हनलं. जित्या माणसाम्होरं समई लावायची न्हाय. डायरेक्टरनं सोता फोन केला, दिव्याबिगर सीन पडतो म्हनला. म्या म्हनलं, मग फोटो परत धाडा.

म्हणजे तो दिवा तिने लावू दिला नाही. डायरेक्टरला न ऐकवता येणारी गोष्ट माझ्या बायकोने ऐकवली. तरी अजून अबोला चालू आहे. तत्त्वाचा प्रश्न आहे.

२३ नोव्हेंबर

सिनेमा चालतोय. यूट्यूबवर एक समीक्षक म्हणाला, न पेटलेल्या समईतून डायरेक्टरने गावातल्या सुकलेल्या नात्यांवर केवढं भाष्य केलंय. तीन वेळा ऐकलं. स्वरूपाला सांगितलं नाही. डोक्यात हवा जाईल.

चौकातला फ्लेक्स उतरवला. चार दिवस कुणी तरी त्याला झेंडूचा हार घालून ठेवला होता. दुकानात गिऱ्हाईक येतं ते आधी मला बोटाने टोचून बघतं.

संघपाल आला. हात जोडून उभा. म्हणाला, दोन टायमाला सांगाया आलतो, तू बोलूच देत न्हाईस. मी मान फिरवली. मग म्हणाला, रडायच्या सीनला ग्लिसरीन घातलं, तरी रडू यीना. सगळं युनिट थांबलं. मग नुसतं तुज्या फोटोकडं बगितलं. हार व्हता. म्हनलं खरंच आसं झालं तर? मग थांबंना. डायरेक्टर कट म्हनला तरी थांबंना.

तो तोंडावर खोटं बोलत नाही, हा त्याचा जुना दोष आहे. नंतर विचार केला. त्याच्या अभिनयाची सगळीकडे तारीफ होतेय, ती माझ्या चेहऱ्यामुळे. म्हणजे श्रेय अर्धं तरी माझं. चहा सांगितला.

७ डिसेंबर

फोन! तिसरा भाग! आणि सुरुवात म्हस्कूच्या वर्षश्राद्धाने. पहिला अख्खा शॉट माझ्या चेहऱ्यावर. समईच्या हलत्या उजेडात चेहरा जिवंत वाटतो म्हणे. जिवंत! पूर्ण क्लोज-अप. हिंदुरावांना दाखवण्यासारखं काम शेवटी आलं. मी लगेच हो म्हटलं. ती मुलगी म्हणाली, सर, यात दिवा लागणार, तेवढं मॅडमना विचारून सांगा.

स्वरूपा नाही म्हणाली. मी समजावलं, हा रोल संपूर्ण दिव्यावर उभा आहे. नाही. एलईडीची समई लावतील म्हटलं, सेलवरची, खेळण्यातली. नाही. आईला मध्ये घातलं, तर तिने काठीच उचलली.

१४ डिसेंबर, रविवार

रोल गेला. माझ्या जागी इंदापूर बाजूच्या एका गृहस्थांचा फोटो लावणार आहेत. ते चार वर्षांपूर्वी वारले. नाक माझ्यासारखंच आहे म्हणे. घरच्यांची दिव्याला हरकत नाही. ते रोज लावतातच. त्या गृहस्थांना अभिनयाचा काडीचा अनुभव नाही. कधी गर्दीतसुद्धा उभे राहिलेले नाहीत. आणि मला काढून त्यांना घेतलं.

स्वरूपाला म्हटलं, एका दिव्यापायी माझा रोल घालवलास. ती म्हणाली, व्हय, घालवला. आनि पुन्ना इचारलं तर पुन्ना घालवीन. मग तिने भाकरी वाढली. भूक लागली होती, म्हणून वाद वाढवला नाही.